महेशचंद्रांचा उंट



कामगार संघटनेचा माणूस बुद्धिबळांवर बोलणार हे कळल्यावर आमच्या कचेरीत एकाने मला विचारले, "का हो, यंदा बोनस सोडून दिलात का?" बोनस सोडलेला नाही. पण आपल्या व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी सांगितले की इतिहासावर काहीतरी बोला, आणि मला शाळेत शिकवलेला इतिहास दहावीपर्यंतचाच. त्यापुढचा मी वाचनालयात बसून स्वतःच शिकलो. त्या शिकलेल्यापैकी एक प्रकरण आज आपल्यापुढे ठेवणार आहे. ते एका डावाचे आहे, आणि त्या डावाच्या पहिल्या तीन-चार खेळ्यांचे.

प्रथम मी या भानगडीत कसा पडलो ते सांगतो. माझे वडील दौंडच्या लोको शेडमध्ये फिटर होते. दौंड ते मनमाड हा फाटा १८७८ साली सुरू झाला आणि दौंड हे जंक्शन झाले. जंक्शन म्हटले की वाट पाहणारी माणसे आलीच. गाडीवरून उतरलेले ड्रायव्हर, फायरमन, गार्ड पुढच्या गाडीचे बोलावणे येईपर्यंत पडून असत. त्यांच्यात वडील जाऊन बसत. पट म्हणजे एका जुन्या चादरीच्या तुकड्यावर शाईने आखलेली चौसष्ट घरे. काळे घर, पांढरे घर असा भेद त्यात नव्हता, सगळी घरे चादरीच्याच रंगाची. मी सहा-सात वर्षांचा असताना त्या चादरीच्या कडेला बसून खेळ शिकलो.

तो खेळ देशी होता. देशी नियम गावोगाव थोडे बदलत, पण आमच्याकडचे असे: प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर चालणार. आजच्यासारखा किल्लेकोट नाही. राजाला शह बसलेला नसेल तर त्याला डावात एकदा घोड्याची उडी घेता येई. प्यादे शेवटच्या रांगेत पोचले की ज्या मोहऱ्याच्या पट्टीत पोचले तेच मोहरे त्याचे होई. उगाच प्रत्येकाचा वजीर होत नसे. आणि समोरच्याची सारी फौज मारून त्याचा राजा एकटा उरला तर ती बुर्जी. बुर्जी म्हणजे अर्धाच विजय. प्याद्याने दिलेली मात सर्वांत मानाची. वजिराने मात दिली तर त्यात काय मोठेसे, असे आमचे वडील म्हणत.

आता प्यादे एकेक घर चालू लागले की काय होते ते पाहा. दोन्ही फौजा समोरासमोर यायलाच पाच-सहा खेळ्या जातात. घाईने मध्यभाग घेता येत नाही. तेव्हा माणूस आपले घर आधी बांधून घेतो. त्यात उंटाची मोठी पंचाईत. तो तिरका चालणारा, आणि त्याच्यापुढे दोन्ही बाजूंना आपलीच प्यादी उभी. म्हणून घोड्यापुढचे प्यादे एक घर सारायचे आणि त्याच्या मोकळ्या झालेल्या घरात उंट बसवायचा. तेथून त्याला पटाच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंतची तिरकी वाट दिसते. वडील याला 'उंट खिडकीत बसवणे' म्हणत. देशी खेळणाऱ्याच्या हाताला हे वळण आपोआप पडते, त्याला पुस्तक लागत नाही.

१९८८ साली मी पुण्याला एका स्पर्धेत गेलो. तोवर मी नवे नियम शिकलो होतो. दोन घरे चालायचे, किल्लेकोट करायचा, सर्व ठाऊक होते. पण हात जुनाच. काळी मोहरी मिळाली आणि मी सवयीने घोडा काढला, प्यादे एक घर सारले, उंट खिडकीत बसवला. समोर एक कॉलेजातला मुलगा होता. त्याने माझ्याकडे आदराने पाहिले आणि हळूच म्हणाला, "किंग्ज इंडियन खेळता वाटतं?" मी मान डोलावली. आपण कुठल्या हिंदी राजाचे काय खेळतो आहोत हे मला काडीइतके माहीत नव्हते! डाव मी हरलो. पण ज्याला मी आमच्या चादरीवरची सवय समजत होतो तिला इंग्रजीत नाव आहे, आणि त्या नावात आपल्या देशाचे नाव आहे, हे डोक्यात राहिले. ते कोठून आले हे शोधीत मी कलकत्त्याला पोचलो. म्हणजे पुस्तकांतून, रेल्वेचा पास वडिलांना होता, मला नव्हे.

कलकत्त्यात जॉन कोक्रन नावाचा स्कॉटिश बॅरिस्टर वकिली करीत असे. जन्म १७९८, मृत्यू १८७८. तो साधा खेळाडू नव्हता; १८४०च्या सुमारास रजेवर लंडनला गेला तेव्हा त्या काळचा युरोपातला अग्रेसर खेळाडू हॉवर्ड स्टाँटन याच्याशी त्याने शेकडो डाव खेळले होते. (शिरूरकरांनी दचकू नये. ३१ डिसेंबर १८१७ रोजी येथल्या छावणीतून कोरेगावकडे तुकडी घेऊन निघाला तो कॅप्टन फ्रान्सिस स्टाँटन. हा स्टाँटन निराळा.) कलकत्त्यात कोक्रनला तोडीचा माणूस मिळेना. १८४८च्या सुमारास तेथल्या बुद्धिबळ क्लबाच्या एका सभासदाला मुफसलात, म्हणजे जिल्ह्याच्या आतल्या गावांत, एक ब्राह्मण भेटला. कधीही न हरलेला म्हणून त्याची ख्याती होती. त्याचे नाव महेशचंद्र बंदोपाध्याय. इंग्रजांनी आपल्या कानाप्रमाणे ते 'मोहेशुंदर' असे काहीबाही लिहिले आहे. त्यांना कलकत्त्यास आणून कोक्रनसमोर बसवले. कोक्रनने त्यांना हरवले. पण सारख्या पातळीचा असा हाच एक, हे त्यानेही ओळखले; आणि पुढे सुमारे बारा वर्षे, १८६० पर्यंत, ही दोन माणसे शेकडो डाव खेळली.

महेशचंद्रांचे घडले ते असे, की नियम त्यांनी साहेबाचे घेतले पण हात गावाकडचाच राहिला. साहेब राजापुढचे किंवा वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे टाकून मध्यभाग अडवी. त्या काळच्या युरोपात हेच शास्त्र होते: मध्यभागात प्यादी रोवा, मोहरी लवकर बाहेर काढा, राजावर तुटून पडा. महेशचंद्र त्याला मध्यभाग खुशाल देत. घोडा काढीत, प्यादे एक घर सारीत, उंट खिडकीत बसवीत आणि मग साहेबाच्या रोवलेल्या प्याद्यांच्या मुळाशी खणू लागत. त्या उत्तराला पुढे 'इंडियन डिफेन्स' असे नाव पडले. छापील स्वरूपात ते नाव १८८४ पासून आढळते आणि त्याचे मूळ महेशचंद्रांच्या याच डावांकडे जाते. १९२०च्या दशकात युरोपातल्या नव्या पिढीने याच कल्पनेवर आपले सारे शास्त्र उभारले: किंग्ज इंडियन, क्वीन्स इंडियन, ओल्ड इंडियन अशी नावांची रांगच लागली.

येथे मला एका गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. याच दोघांच्या १८४८च्या एका डावात कोक्रनने चौथ्याच खेळीला घोडा देऊन राजाकडच्या उंटापुढचे प्यादे मारले आणि महेशचंद्रांच्या राजाला उघड्यावर आणले. त्या चालीला आजही जगभर 'कोक्रन गॅम्बिट' म्हणतात. एकाच पटावर, एकाच काळात, दोन माणसांनी दोन नव्या गोष्टी केल्या. साहेबाच्या गोष्टीला साहेबाचे नाव मिळाले. दुसऱ्याच्या गोष्टीला त्याच्या देशाचे नाव मिळाले. देशाचे नाव लागले म्हणून आपण अभिमानाने छाती फुगवतो; मीही एके काळी फुगवली. पण कारखान्यात 'तो बिहारी', 'तो मराठवाड्याचा' म्हणून हाक मारली जाते तेव्हा त्या माणसाचे नाव कोणाला ठाऊक नसते, हे मी रांजणगावच्या कंत्राटी कामगारांत रोज पाहतो.

आता त्या डावाकडे येऊ. १८५५चा मे महिना, कलकत्ता. पांढरी मोहरी कोक्रनकडे. त्याने वजिरापुढचे प्यादे दोन घरे टाकले. महेशचंद्रांनी राजाकडचा घोडा काढला. साहेबाने वजिराच्या उंटापुढचे प्यादेही दोन घरे टाकून शेजारी उभे केले. यांनी घोड्यापुढचे प्यादे एक घर सारले. साहेबाचा वजिराकडचा घोडा बाहेर आला. येथवर नेहमीचे. आणि तिसऱ्या खेळीला महेशचंद्रांनी आपल्या वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे टाकून साहेबाच्या मध्यभागाला थेट धडक दिली. देशी खिडकी आणि विलायती दोन घरांची उडी, दोन्ही एकाच मांडणीत! ही मांडणी आज ज्या नावाने ओळखतात ते नाव आहे ग्रुनफेल्ड. अर्न्स्ट ग्रुनफेल्ड या व्हिएन्नाच्या उस्तादाने ती १९२२ साली मोठ्या स्पर्धांत आणली आणि त्याच वर्षी, पुढे जगज्जेता झालेल्या आलेखाइनला तिने हरवले. मध्ये सदुसष्ट वर्षे गेली होती.

पुढे कोक्रनने प्याद्याने प्यादे मारले, महेशचंद्रांनी घोड्याने परत मारले, मग त्याच घोड्याने साहेबाचा घोडा घेतला. आता साहेबाची मध्यभागी भक्कम प्यादी झाली, आणि महेशचंद्रांनी लगेच उंटाच्या पट्टीतले प्यादे दोन घरे टाकून त्यांच्यावर घाव घातला. खिडकीतला उंट त्याच रोखाने पाहत बसलेला. हे सर्व आजचा ग्रँडमास्टर जसे खेळेल तसेच आहे. बाराव्या खेळीपर्यंत दोघांची मोहरी बाहेर आहेत, दोघांचा किल्लेकोट झाला आहे, आणि काळ्याला काडीचीही चिंता नाही.

मग चूक झाली. चौदाव्या खेळीला महेशचंद्रांनी राजाशेजारचा हत्ती एक घर बाजूला सरकवला. दिसायला निरुपद्रवी. पण राजाजवळच्या उंटापुढच्या प्याद्यामागे तो हत्ती पहारेकरी होता, आणि कोक्रनचा वजीर त्याच खेळीला दुरून तिरका त्याच प्याद्यावर रोखून बसला होता. दरम्यान महेशचंद्रांच्या वजिराला साहेबाच्या हत्तीने या घरातून त्या घरात हुसकले. तो निघाला होता तेथेच परत येऊन बसला. सतराव्या खेळीला कोक्रनचा घोडा पुढे आला. महेशचंद्रांनी त्याचा उंट मारला. घोड्याने ते पहारा नसलेले प्यादे मारले. आता महेशचंद्रांचा वजीर घोड्याच्या तोंडी. तो हलवण्याऐवजी त्यांनी आपला घोडा साहेबाच्या वजिरावर घातला, आणि तेथून तीन खेळींत मात ठरलेली होती. घोडा बाजूला उडी घेतो, त्याचाही शह आणि मागून वजिराचाही शह. दुहेरी शहाला राजाने हलण्यावाचून उपाय नाही. तो कोपऱ्यात जातो. कोक्रन वजीर त्याच्या शेजारी नेऊन देतो. तो हत्तीला मारावाच लागतो. आणि राजा आपल्याच हत्ती-उंट-प्याद्यांत कोंडला गेला असताना घोडा पुन्हा उडी मारून मात देतो.

हा डाव मी कितीदा मांडला असेल कोण जाणे. प्रत्येक वेळी चौदाव्या खेळीला हात थबकतो. सुरुवात जिंकणारी होती असे मी म्हणणार नाही, पण हरणारी तर मुळीच नव्हती. आणि तरी इतिहासात ही मांडणी पहिल्यांदा दिसते ती हरलेल्या डावात.

ती दिसते तरी का? कारण कोक्रन डाव लिहून ठेवीत असे. त्याने लिहिलेले कलकत्त्याचे डाव लंडनला गेले, काही तेथल्या बुद्धिबळाच्या मासिकांत छापले गेले. महेशचंद्र गावात किती जणांशी खेळले, कोणाला कसे हरवले, त्यांना हा खेळ कोणी शिकवला, यातले काही कागदावर नाही. त्यांचे आयुष्य आपल्याला साहेबाच्या वहीपुरते ठाऊक आहे.

आपल्याकडे लिहिणारे नव्हते असे कोणी समजू नये. सतराव्या शतकात काशीत नीलकंठ भट्ट होऊन गेले. घराणे मूळचे आपल्या पैठणचे. त्यांचा 'व्यवहारमयूख' मुंबईच्या कोर्टांत वारसाहक्काच्या दाव्यांत इंग्रज न्यायाधीशांपुढे उघडला जाई. त्याच ग्रंथमालेतल्या 'नीतिमयूखा'च्या शेवटी बुद्धिबळाचे प्रकरण आहे. आणि १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर छापले गेले, युरोपीय पद्धतीला जुळवून घेतलेले. महेशचंद्र कोक्रनसमोर बसण्याच्या चौतीस वर्षे आधी! पण पहिल्यात नियम आहेत, दुसऱ्यात मुख्यतः कोडी आहेत, म्हणजे अमुक मोहरी अमुक घरांत असता मात कशी द्यावी. पंडिताला शेवट सुंदर वाटतो. अमुक दिवशी अमुक दोघे बसले आणि पहिली खेळी ही झाली, ही गोष्ट त्याला लिहिण्यालायक वाटत नसावी. ती वकिलाला वाटली, कारण त्याला रोजनिशी ठेवायची सवय होती.

याच्या पुढचा अध्याय पंजाबचा. मीर सुलतान खान हा सर उमर हयात खान या जमीनदाराच्या पदरचा माणूस, सरळ म्हणायचे तर नोकर. तो देशी खेळातच वाढला, नवे नियम मागाहून शिकला. १९२९ साली मालकाबरोबर विलायतेला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले. पुन्हा १९३२ आणि १९३३ साली. १९३०-३१च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत माजी जगज्जेता कापाब्लांका त्याच्यासमोर काळी मोहरी घेऊन बसला आणि त्याने काय मांडावे? घोड्यापुढचे प्यादे एक घर, उंट खिडकीत: क्वीन्स इंडियन! पंचाहत्तर-ऐंशी वर्षांत आमची खिडकी क्यूबाच्या माणसाच्या हाती गेली होती आणि देशी खेळात वाढलेला माणूस तिच्या विरुद्ध बाजूला बसला होता. त्याने घाई केली नाही. कापाब्लांकाने दोन हत्ती देऊन वजीर घेतला, आणि सुलतान खानाने त्या दोन हत्तींनी त्याला पासष्टाव्या खेळीपर्यंत दमवून हरवले. १९३३च्या अखेरीस मालक परतला, तसा नोकरही परतला, आणि पुढे मोठ्या पटावर तो दिसला नाही. १९६६ साली सरगोध्याला वारला. जागतिक संघटनेने त्याला सन्माननीय ग्रँडमास्टर केले ते २०२४ साली. हे वर्ष मी मुद्दाम सांगतो, कारण आमच्याकडेही काही जणांचा थकीत पगार निवृत्तीनंतर, काहींचा मरणानंतर मिळालेला आहे.

महाराष्ट्रात हा खेळ लिहून खेळण्याची शिस्त लागली ती मंडळांमुळे. सांगलीचे नूतन बुद्धिबळ मंडळ १९४१चे. भाऊसाहेब पडसलगीकरांनी त्यासाठी जन्म वेचला. १९५५ साली एलुरूला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली तेव्हा विजेतेपद दोघांत वाटले गेले, व्यंकय्या आणि आपले रामचंद्र सप्रे. आज तर काय, २०२४च्या एप्रिलमध्ये टोरांटोला नाशिकच्या विदित गुजराथीने काळ्या मोहऱ्यांनी उंटाचा बळी देऊन नाकामुराला हरवले, तेव्हा प्रत्येक खेळी त्याच क्षणी जगभर पोचत होती. २०२५च्या जुलैत नागपूरची दिव्या देशमुख बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकली तेव्हा आमच्या कचेरीतल्या पोरांनी वाटाघाटींचा मसुदा बाजूला ठेवून ते पाहिले. मी रागावलो नाही.

वाटाघाटीवरून आठवले. पंचवीस वर्षांपूर्वी एका कारखान्यात तीन दिवस बोलणी चालली. तिसऱ्या दिवशी आम्ही आनंदाने उठलो. पंधरवड्याने करार टाइप होऊन आला तो आम्हाला ओळखूच येईना. 'असे ठरले नव्हते' म्हणालो, तर समोरून टिपणवही उघडली. टिपण त्यांचेच होते. आमच्याकडे नुसती आठवण होती. तेव्हापासून मी कोणत्याही बैठकीला वही घेतल्याशिवाय बसत नाही, आणि नव्या कार्यकर्त्याला प्रथम घोषणा शिकवीत नाही, टिपण शिकवतो.

आणि हे सर्व समजल्यावरही घरची गोष्ट सुचायला मला उशीर झाला. वडील निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती, दृष्टी अधू झाली होती. एका दुपारी मी वही घेऊन त्यांच्या खाटेशी बसलो आणि म्हणालो, "अण्णा, तुमचा एखादा डाव सांगा. पहिल्यापासून." ते हसले. म्हणाले, "डाव कुणी सांगतं का? तो खेळायचा." पण मग डोळे मिटून सांगू लागले. सोलापूरकडचा एक गार्ड होता, पावसाने गाड्या अडकल्या होत्या, रात्रभर खेळत होतो. मी पांढऱ्यात होतो. त्याने राजापुढचे प्यादे सारले, मी घोड्यापुढचे. माझा उंट खिडकीत. असे करीत ते अकराव्या खेळीपर्यंत आले. मग म्हणाले, "पुढे त्याच्या गाडीचं बोलावणं आलं." मी विचारले, "आणि डाव?" म्हणाले, "चादर तशीच ठेवली होती. तो पुन्हा आमच्या बाजूला आलाच नाही."

त्या अकरा खेळ्या माझ्या वहीत आहेत. गार्डाचे नाव त्यांना आठवले नाही.